कोरियन मालिका: घरचा टक्का मोठा की जगाची टाळी?

मंडळातल्या तरुण मुलामुलींच्या गप्पांत बसले, की आमच्या कानावर हल्ली दोन प्रकारचे आकडे येतात. एक जण म्हणतो, "ती मालिका कोरियात साफ पडली." लगेच दुसरी उसळून म्हणते, "पडली तर पडली, जगभर पहिल्या दहांत होती ना!" मग कोण खरे, यावरून वाद रंगतो. घरातली मोठी माणसे हसून सोडून देतात. आम्हाला मात्र वाटते की या वादात विचार करण्यासारखा प्रश्न दडलेला आहे. एखादी मालिका यशस्वी झाली हे कोणी ठरवायचे? ती ज्यांच्या भाषेत बनली त्यांनी, की भाषा न कळताही ती डोक्यावर घेणाऱ्या बाहेरच्यांनी?

आपण इंदुरात राहून मराठी मालिका पाहतो, म्हणजे आपणही एका अर्थाने 'बाहेरचे प्रेक्षक' आहोत. त्यामुळे या प्रश्नाचा आपल्याशीही संबंध आहे. तो शेवटी सांगू. आधी कोरियाचा हिशेब समजून घेऊ.

एका मालिकेतले दोन भाऊ

१९९६-९७ मध्ये केबीएस वाहिनीवर 'फर्स्ट लव्ह' नावाची मालिका चालू होती. तिचा घरगुती प्रेक्षकटक्का ६५.८ पर्यंत गेला. कोरियन मालिकांच्या इतिहासातला हा विक्रम आजही मोडलेला नाही. या मालिकेत दोन भावांच्या भूमिका होत्या. मोठा भाऊ झाला होता चोई सू-जोंग आणि धाकटा बे योंग-जून.

पुढे दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बे योंग-जून २००२ च्या 'विंटर सोनाटा'चा नायक झाला. २००३ पासून जपानच्या एनएचकेने ती मालिका दाखवली आणि जपानी मध्यमवयीन स्त्रियांनी त्याला 'योन-सामा' असे आदराचे नाव देऊन टाकले. मालिकेत दिसलेले नामी बेट पाहायला जपानहून पर्यटकांची रांग लागली. चोई सू-जोंग मात्र प्रामुख्याने घरचा नट राहिला. ऐतिहासिक मालिकांतले राजे आणि सेनापती त्याने गाजवले. २०१८-१९ मध्ये तो केबीएसच्या 'माय ओन्ली वन' या शनिवार-रविवारच्या कौटुंबिक मालिकेत बाप झाला, तेव्हा तिचा टक्का ४९.४ वर पोहोचला. इतक्या अलीकडच्या काळात जवळजवळ निम्म्या घरांत एकच मालिका चालू असणे ही साधी गोष्ट नव्हे. पण आपल्याकडच्या किती मुलींनी या मालिकेचे नाव ऐकले असेल? आम्ही विचारून पाहिले, एकीनेही नाही.

आता दुसऱ्या टोकाला २०२१ ची 'स्क्विड गेम' ठेवून पाहा. पहिल्या २८ दिवसांत ती जगभर १६५ कोटी तास पाहिली गेली, असे नेटफ्लिक्सने जाहीर केले. तिचा कोरियातला टक्का मात्र शून्यसुद्धा सांगता येत नाही, कारण ती कुठल्याही वाहिनीवर लागलीच नाही. दोन्ही मालिका कोरियन आणि दोन्ही यशस्वी, पण एकीच्या यशाच्या मापाने दुसरी मोजताच येत नाही.

टक्का म्हणजे नेमके काय

कोरियात नील्सन कोरिया ही संस्था काही निवडक घरांच्या दूरचित्रवाणी संचांवर मीटर बसवून प्रेक्षकटक्का काढते. टक्का दहा म्हणजे संच असलेल्या शंभर घरांपैकी दहा घरांत तो कार्यक्रम चालू होता. घर मोजले जाते, माणूस नाही. मोबाइलवर, मेट्रोत किंवा रात्री दोन वाजता अॅपवर पाहणाऱ्याची नोंद यात होत नाही.

हा आकडा इतका महत्त्वाचा का झाला, ते कोरियन वाहिन्यांच्या मिळकतीवरून कळते. केबीएस, एमबीसी आणि एसबीएस या तीन जुन्या वाहिन्या. मालिकेच्या आधी आणि नंतर लागणाऱ्या जाहिराती हे त्यांचे मोठे उत्पन्न. या तिघींना कार्यक्रमाच्या मध्ये जाहिरात लावायला २०२१ च्या मध्यापर्यंत परवानगी नव्हती. त्यावर त्यांनी शोधलेली पळवाट गमतीची होती. तासाभराचा एक भाग अर्ध्या तासाचे दोन भाग म्हणून दाखवायचा आणि त्या दोहोंच्या 'मध्ये' जाहिरात लावायची. जाहिरातीचा भाव टक्क्यावर ठरे, त्यामुळे रोज सकाळी येणारा आकडा हा निर्मात्यांचा जणू परीक्षेचा निकाल असे.

हा निकाल मालिका चालू असतानाच लागत असल्यामुळे त्याचा परिणाम थेट लेखणीवर होई. कोरियन मालिका आठवड्याला दोन भागांनी चालते आणि जुन्या पद्धतीत चित्रीकरण प्रक्षेपणाच्या जेमतेम पुढे असे. लेखिका रात्री पाने लिहून पाठवणार आणि सकाळी त्यांचे चित्रीकरण होणार. अशा सुट्या पानांना कोरियन भाषेत 'चोकदेबोन' असा खास शब्दच आहे. टक्का चढला तर भाग वाढवायचे, पडला तर गुंडाळायचे. एखादे दुय्यम जोडपे लोकांना आवडले तर त्यांचे प्रसंग वाढवायचे. यात कामगारांचे आणि नटांचे हाल होत. पण एक गोष्ट मान्य करावी लागते, की घरचा प्रेक्षक त्या मालिकेचा अर्धा लेखकच असे.

आता ते टक्के राहिलेले नाहीत. केबल वाहिन्या आल्या, २०११ मध्ये जेटीबीसीसारख्या नव्या वाहिन्या सुरू झाल्या, एकट्याने राहणाऱ्यांची घरे वाढली आणि सगळ्यांच्या हातात मोबाइल आला. पूर्वी २० टक्के म्हणजे बरी मालिका. आज केबलवर ५ टक्के मिळाले तरी निर्माते खूश असतात. १९९७ चा टक्का आणि २०२४ चा टक्का शेजारी ठेवून तुलना करणे म्हणजे जुन्या चार आण्यांची आजच्या चार आण्यांशी तुलना करण्यासारखे आहे.

बाहेरचा प्रेक्षक आधी वरकमाई होता

कोरियन मालिका बाहेर जाऊ लागल्या त्या १९९० च्या दशकात. 'व्हॉट इज लव्ह' ही एमबीसीची घरगुती मालिका १९९७ मध्ये चीनच्या सरकारी वाहिनीवर लागली आणि लोकांना आवडली. मग 'विंटर सोनाटा' आली. त्यानंतर २००३-०४ ची 'दे जांग गम', म्हणजे 'ज्वेल इन द पॅलेस'. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातली एक मुलगी राजवैद्य होते, अशी तिची कथा. कोरियात तिचा टक्का ५५ च्या वर गेला आणि मग ती ८० हून अधिक देशांत दाखवली गेली. आपल्या दूरदर्शननेही ती हिंदीत दाखवली होती, हे काही वाचकांना आठवत असेल.

इथे क्रम लक्षात घ्यावा. आधी घरी यश, मग बाहेर विक्री. खर्च घरच्या जाहिरातींतून निघालेला असे आणि परदेशातून येई ती वरकमाई. लेखिकेच्या डोळ्यांसमोर सोलची आजी असे, टोकियोची किंवा इंफाळची नाही.

इंफाळचे नाव सहज घेतलेले नाही. मणिपुरात २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी चित्रपटांवर बंदी घातली. ती पोकळी कोरियाच्या आरिरांग वाहिनीने आणि सीडीवर मिळणाऱ्या कोरियन मालिकांनी भरून काढली. भारतात कोरियन मालिकांचे पहिले मोठे वेड तिथले, नेटफ्लिक्सच्या कितीतरी आधीचे. पण त्या प्रेक्षकाची गणती कोरियात कोणी केली नाही आणि त्याच्याकडून कोरियाला फारसा पैसाही गेला नाही. लोकप्रियता होती, तिचा हिशेब नव्हता. हा मुद्दा पुढे पुन्हा येणार आहे.

चीनचा धडा

२०१३-१४ मध्ये 'माय लव्ह फ्रॉम द स्टार' चीनमध्ये इंटरनेटवर तुफान गाजली. नायिकेला आवडते म्हणून तळलेले चिकन आणि बिअर यांची तिथे लाट आली. मग निर्मात्यांनी चिनी बाजार डोळ्यांसमोर ठेवूनच मालिका आखायला सुरुवात केली. परदेशी मालिका इंटरनेटवर दाखवण्याआधी ती संपूर्ण तपासणीला द्यावी, असा चीनचा नियम होता. दोन्ही देशांत एकाच वेळी दाखवायची तर मालिका आधीच पूर्ण चित्रित हवी. म्हणून २०१६ ची 'डिसेंडंट्स ऑफ द सन' पूर्ण करूनच प्रक्षेपित झाली. सुमारे १३ अब्ज वॉन खर्चाची ही मालिका कोरियात ३८.८ टक्क्यांपर्यंत पोहोचली आणि चीनमध्येही त्याच वेळी गाजली. घरचे आणि बाहेरचे, दोन्ही प्रेक्षक एकदम जिंकता येतात असे सगळ्यांना वाटू लागले.

त्याच वर्षी जुलैमध्ये दक्षिण कोरियाने अमेरिकेची 'थाड' ही क्षेपणास्त्ररोधक यंत्रणा बसवण्याचा निर्णय जाहीर केला. चीन संतापला. बंदीचा हुकूम अधिकृतपणे कधीच निघाला नाही, पण कोरियन मालिकांना चीनमध्ये परवानग्या मिळणे थांबले. 'दे जांग गम'ची नायिका ली योंग-ए अनेक वर्षांनी 'साइमदांग' या मालिकेतून परतत होती. तिचे चित्रीकरण आधीच पुरे झाले होते आणि दोन्ही देशांत ती एकदम दाखवण्याचा बेत होता. चीनची परवानगी येईना. शेवटी जानेवारी २०१७ मध्ये ती चीनविना लागली. सुरुवातीला १५ टक्क्यांच्या वर असलेला टक्का हळूहळू एक अंकी झाला. आता पाने बदलून लिहिण्याचीही सोय नव्हती, कारण सगळे आधीच चित्रित झालेले.

यातून दोन गोष्टी निर्मात्यांना कळल्या. बाहेरचा बाजार राजकारणाच्या एका फटक्यात बंद होऊ शकतो. आणि बाहेरच्यासाठी आधी बनवून ठेवलेली मालिका घरच्या प्रेक्षकाचे ऐकू शकत नाही.

नेटफ्लिक्स आले आणि खर्चाचे गणित बदलले

नेटफ्लिक्स कोरियात आले ते जानेवारी २०१६ मध्ये. चीनचे दार बंद होत असतानाच हे दुसरे दार उघडले. २०१८ ची 'मिस्टर सनशाइन' घ्या. खर्च ४० अब्ज वॉनच्या घरात. टीव्हीएन या केबल वाहिनीवर ती १८ टक्क्यांपर्यंत गेली, जे केबलसाठी उत्तमच होते. पण एवढा खर्च केवळ घरच्या जाहिरातींतून निघणे कठीण. नेटफ्लिक्सने जागतिक हक्कांसाठी दिलेली मोठी रक्कम नसती तर ती मालिका त्या थाटात बनलीच नसती. २०१९ च्या अखेरीस नेटफ्लिक्सने स्टुडिओ ड्रॅगन या मोठ्या निर्मितीसंस्थेशी करार केला आणि २०२३ मध्ये कोरियन आशयात चार वर्षांत अडीच अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली.

येथून बाहेरची लोकप्रियता ही वरकमाई राहिली नाही, ती मूळ भांडवल झाली. पण भांडवल देणारा अटीही घालतो. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या मालिकांत साधारण पद्धत अशी, की निर्मितीचा सगळा खर्च आणि त्यावर ठरावीक नफा ते देणार, बदल्यात हक्क त्यांचे. मालिका पडली तर निर्मात्याचे नुकसान नाही, आणि गाजली तरी त्याला जास्तीचे काही नाही. बातम्यांनुसार 'स्क्विड गेम'च्या पहिल्या पर्वाचा खर्च सुमारे २ कोटी १४ लाख डॉलर होता आणि नेटफ्लिक्सच्या अंतर्गत हिशेबात तिचे मूल्य सुमारे ८९ कोटी डॉलर धरले गेले. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्योक यांनी मुलाखतींत सांगितले होते, की पहिल्या पर्वाचे मानधन मूळ करारात ठरले तेवढेच मिळाले. पुढे २०२२ मध्ये त्यांना दिग्दर्शनाचे आणि ली जंग-जे यांना अभिनयाचे एमी पारितोषिक मिळाले. मान मिळाला, पण मालकी मिळाली नाही.

आता 'एक्स्ट्राऑर्डिनरी अॅटर्नी वू' पाहू. २०२२ मध्ये ईएनए नावाच्या एका छोट्या वाहिनीवर ती सुरू झाली. पहिल्या भागाचा टक्का होता ०.९. लोकांनी एकमेकांना सांगत सांगत तो शेवटच्या भागापर्यंत १७.५ वर नेला. त्याच वेळी ती नेटफ्लिक्सवर जगभर दिसत होती आणि इंग्रजीखेरीज भाषांच्या यादीत वर होती. पण निर्मितीसंस्था ए-स्टोरीने मालिकेचे हक्क स्वतःकडे ठेवले होते, नेटफ्लिक्सला फक्त दाखवण्याचा परवाना दिला. त्यामुळे यशानंतर वेबटून आणि इतर रूपांतरांचे दरवाजे निर्मात्यासाठी उघडे राहिले.

म्हणून आम्हाला वाटते, की 'घरचे मोठे की बाहेरचे' या प्रश्नाआधी 'हक्क कोणाकडे' हा प्रश्न विचारायला हवा. हक्क हातात असतील तर बाहेरची टाळी घरात पैसा आणते. नसतील तर केवळ कौतुक मिळते.

चार खाने

आतापर्यंतची उदाहरणे चार खान्यांत मांडली की चित्र स्वच्छ होते.

पहिला खाना, घरीही आणि बाहेरही. 'क्रॅश लँडिंग ऑन यू' २०२० मध्ये टीव्हीएनवर २१.७ टक्क्यांवर संपली आणि जपानसह अनेक देशांत गाजली. २०२४ च्या 'क्वीन ऑफ टिअर्स'ने २४.९ टक्के मिळवून त्या वाहिनीवरचा तिचा विक्रम मोडला आणि तीही बाहेर गाजली.

दुसरा, घरी प्रचंड आणि बाहेर थोडे. केबीएसच्या शनिवार-रविवारच्या कौटुंबिक मालिका यात येतात. पन्नास किंवा शंभर भाग, तीन पिढ्या, सासू-सुना, जेवणाचे टेबल. घरातली वडीलधारी मंडळी संचासमोर बसतात म्हणून टक्का वर जातो, पण बाहेरच्या तरुणाला एवढे भाग झेपत नाहीत. २०२२ ची 'रिबॉर्न रिच' २६.९ टक्क्यांवर गेली. उद्योगपती घराणी, १९८७ ची निवडणूक, १९९७ चे आर्थिक संकट हे सगळे कोरियन माणसाने अंगावर झेललेले. बाहेर ती वेगवेगळ्या प्लॅटफॉर्मवर विखुरली आणि तिचा तसा गाजावाजा झाला नाही.

तिसरा, घरी थोडे आणि बाहेर भरपूर. 'द किंग: इटर्नल मोनार्क' २०२० मध्ये एसबीएसवर दहा-अकरा टक्क्यांनी सुरू झाली आणि पाच-सहापर्यंत घसरली. लेखिका किम उन-सुक, म्हणजे 'डिसेंडंट्स' आणि 'मिस्टर सनशाइन' लिहिणारीच. नेटफ्लिक्सवर मात्र अनेक देशांत ती आवडीने पाहिली गेली. २०२४ ची 'लव्हली रनर' शेवटच्या भागातही सहा टक्क्यांच्या आतच राहिली, पण तरुणांत ती त्या वर्षीची सर्वांत गाजलेली मालिका होती, कोरियातही आणि बाहेरही. म्हणजे इथे घरचा प्रेक्षक नव्हता असे नाही. तो संचासमोर नव्हता, एवढेच.

चौथा खाना, घरीही नाही आणि बाहेरही नाही. बहुतेक मालिका याच खान्यात असतात आणि त्यांच्याबद्दल कोणी वाद घालत नाही.

बाहेरच्या आकड्याबद्दलही एक सावधगिरी हवी. नील्सनचा टक्का तिसरी संस्था काढते. प्लॅटफॉर्मची 'पहिल्या दहांची' यादी तो प्लॅटफॉर्म स्वतःच जाहीर करतो. दुकानदारानेच आपल्या मिठाईची विक्री सांगावी, तसे ते आहे. खोटे असेल असे नाही, पण तो काय सांगतो आणि काय सांगत नाही हे त्याच्याच हातात असते.

घरचा प्रेक्षक अजून काय करू शकतो

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग घरच्या प्रेक्षकाला आता विचारतो कोण? याचे उत्तर मार्च २०२१ मध्ये मिळाले. एसबीएसवर 'जोसन एक्सॉर्सिस्ट' ही ऐतिहासिक भयमालिका सुरू झाली. कोरियन राजवटीच्या कथेत चिनी पद्धतीचे खाणे आणि सजावट दाखवली आणि इतिहासाची मोडतोड केली, म्हणून लोक भडकले. जाहिरातदारांनी अंग काढून घेतले आणि अवघ्या दोन भागांनंतर वाहिनीने मालिका कायमची बंद केली. बरेचसे चित्रीकरण झालेले होते, तरीही. असा अधिकार बाहेरच्या प्रेक्षकाला नाही. २०२३ मध्ये 'किंग द लँड'मधल्या अरब राजपुत्राच्या चित्रणावर बाहेरचे प्रेक्षक चिडले, तेव्हा निर्मात्यांनी माफी मागितली, पण मालिका चालू राहिली.

दुसरे असे, की बाहेरच्याला जे आवडते ते बहुतेक वेळा घरच्यासाठीच केलेले असते. 'अॅटर्नी वू'ची नायिका आपली ओळख करून देताना उलटसुलट सारखे वाचता येणारे शब्द सांगते, कारण तिचे नावच तसे आहे. त्या शब्दांत 'इन्दोइन', म्हणजे 'भारतीय माणूस', हा शब्दही आहे. कोरियन लिपीत तो दोन्हीकडून सारखा वाचता येतो. इंग्रजी सबटायटलमध्ये ही गंमत टिकवण्यासाठी वेगळेच शब्द घालावे लागले. आपल्याकडे 'चिमा काय कामाची' म्हणून मुले खेळतात, त्याच जातीची ही गंमत आहे. ती कोरियन कानासाठी लिहिली होती आणि तरीही जगाला भावली. जगासाठी म्हणून गुळगुळीत केली असती तर ती उरली असती का, याची आम्हाला शंका आहे.

तिसरी गोष्ट चिंतेची आहे. बाहेरच्या पैशाने मानधने आणि खर्च इतके वाढले, की ज्या मालिकेला परदेशी खरेदीदार नाही ती बनवणे वाहिन्यांना परवडेना. २०१९ मध्ये एमबीसी आणि एसबीएसने सोमवार-मंगळवारच्या मालिकांची वेळ काही काळ थांबवली. केबीएस ही सार्वजनिक वाहिनी. घरटी महिना २,५०० वॉन शुल्क १९८१ पासून तेवढेच आहे. त्यात जागतिक दराची मालिका कशी बसायची? मालिकांच्या वेळा कमी झाल्या की नवे लेखक आणि नवे नट घडण्याच्या जागाही कमी होतात. आज जगात गाजणारे बहुतेक लेखक-दिग्दर्शक याच वाहिन्यांच्या रोजच्या कामातून तयार झालेले आहेत. विहीर घरची आहे, पाणी गावोगाव चालले आहे. विहिरीचा गाळ काढायचा खर्च कोण करणार, हा कोरियापुढचा आजचा प्रश्न आहे. डिसेंबर २०२४ मध्ये एसबीएसनेच नेटफ्लिक्सशी दीर्घ मुदतीचा करार जाहीर केला. त्याने विहीर खोल होते की उपसली जाते, हे काही वर्षांनी दिसेल.

मग उत्तर काय

पैशाच्या बाजूने पाहिले तर मोठ्या खर्चाच्या मालिकांसाठी बाहेरची लोकप्रियता आज जास्त महत्त्वाची आहे, यात वाद नको. बारा-पंधरा टक्क्यांच्या जाहिरातींवर 'मिस्टर सनशाइन' उभी राहत नाही. पण मालिकेला सूर कुठून मिळतो, ती कोणाला भिऊन लिहिली जाते, तिचे पुढचे लेखक कुठे शिकतात, या तिन्ही बाबतींत घरचा प्रेक्षक अजून पुढे आहे. जुना टक्का आता त्याचे खरे माप राहिलेला नाही, हे मात्र मान्य करायला हवे. माप चुकते म्हणून माणूस नाहीसा होत नाही.

आणि आपण?

आता सुरुवातीला सांगितलेल्या मुद्द्याकडे येऊ. मराठी वाहिन्यांची जी आठवड्याची टीआरपी क्रमवारी आपण वाचतो, ती 'महाराष्ट्र-गोवा' या बाजाराची असते. म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव इथल्या घरांत रोज रात्री मराठी मालिका चालू असली तरी त्या क्रमवारीत आपले घर नसते. मणिपुरातल्या त्या जुन्या प्रेक्षकासारखी आपली गत आहे. प्रेम आहे, गणती नाही. आमच्या पाहण्यातल्या मराठी मालिकांत इंदूरचे किंवा बडोद्याचे मराठी घर क्वचितच येते, आणि आले तर बहुधा 'परगावचे नातेवाईक' म्हणून. याची कारणे अनेक असतील, पण जो मोजला जात नाही त्याच्यासाठी लिहिले जाण्याची शक्यता कमी, हे कोरियाच्या उदाहरणावरून स्पष्ट दिसते.

एकेकाळी असे नव्हते. मराठी नाटक मंडळ्यांचे दौरे बडोदे-इंदूरपर्यंत येत आणि संस्थानिकांचा आश्रय त्यांना मोलाचा असे. बालगंधर्वांच्या मंडळीला सयाजीराव गायकवाडांचा आश्रय होता. बाहेरचा प्रेक्षक तेव्हा समोर बसलेला दिसत होता आणि त्याची तिकिटे हिशेबात येत होती.

आज आपली तिकिटे म्हणजे अॅपवरचे पाहणे. कोणी तरी पाठवलेल्या चोरट्या प्रतीवर मालिका पाहिली तर आपण पुन्हा अदृश्य होतो. अधिकृत अॅपवर पाहिली तर निदान त्या कंपनीच्या नोंदीत कळते, की मध्य प्रदेशातून इतकी घरे मराठी पाहतात. दुसरे, आपल्या नातवंडांपैकी ज्यांना मराठी वाचता येत नाही त्यांच्यासाठी सबटायटलची मागणी आपण करायला हवी. कोरियन भाषेचे एक अक्षर न येणारी मुले सबटायटलच्या जोरावर सोळा-सोळा भाग पाहतात. आजीच्या भाषेची मालिका त्यांना तशीच मिळाली तर ती पाहणार नाहीत, असे आधीच का समजावे?

आपल्या मंडळातर्फे अशी एक साधी यादी करावी असे आम्हाला वाटते. कोणत्या घरी कोणती मराठी मालिका पाहिली जाते, वाहिनीवर की अॅपवर, आणि घरातली मुले सोबत बसतात की नाही. पन्नास घरांची माहिती जमली तरी वाहिन्यांना पत्र लिहिताना हातात काहीतरी असेल. ज्यांना या कामात मदत करायची आहे त्यांनी कार्यालयात नाव द्यावे. मुलांनी आपल्या आवडत्या कोरियन मालिकांची नावेही जरूर सांगावीत. ती कोणत्या खान्यात बसतात, ते आपण मिळून ठरवू.